गाळाचा ठाव: नाशिकच्या जलाशयांतील खोलीमापनाचा इतिहास

दख्खनच्या पठारावर, बेसाल्टच्या थरांनी घडलेल्या कठीण भूमीत, गोड्या पाण्याची मोठी नैसर्गिक सरोवरे जवळजवळ आढळत नाहीत. नाशिक जिल्ह्यात आज ज्यांना तलाव किंवा जलाशय म्हटले जाते ते बहुतेक सारे नद्या अडवून माणसाने निर्माण केलेले आहेत, आणि म्हणूनच त्यांच्या तळाशी साचलेल्या गाळाचे वय लाखो वर्षांत न सांगता पाटबंधारे खात्याच्या दप्तरांत नोंदलेल्या शे-सव्वाशे वर्षांत सांगावे लागते. हा काळ भूशास्त्राच्या दृष्टीने क्षणाएवढा असला, तरी उष्ण कटिबंधातील नद्यांना आपले काम करण्यास तो पुरेसा ठरतो, कारण वर्षातील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो, उन्हाळ्यात तापून भेगाळलेली जमीन पहिल्या सरींबरोबर सुटी होते आणि त्र्यंबकेश्वर-इगतपुरीच्या डोंगरउतारांवरून निघालेले गढूळ पाणी काही तासांतच जलाशयात येऊन स्थिरावते. पाणी पुढे सोडले जाते, त्याने आणलेली माती मात्र बहुतांशी मागे राहते. ती किती राहिली, कुठे राहिली आणि तिच्यामुळे साठवणीची किती जागा गेली, हे जाणण्यासाठी माणसाने प्रथम काठी वापरली, मग वजन बांधलेली दोरी आणि शेवटी ध्वनी. या तिन्ही साधनांचा इतिहास सांगताना एक गोष्ट आरंभीच स्पष्ट केली पाहिजे: गाळ सहसा स्वतंत्रपणे मोजला जात नाही, आजचा तळ आणि पूर्वीचा तळ यांतील फरक म्हणून तो हाती येतो, आणि म्हणून आजचे मापन कितीही सूक्ष्म असले तरी त्याचे मोल पूर्वीच्या मापनावर अवलंबून राहते.

धरणांच्या आधी या प्रदेशात गाळाचा प्रश्न वेगळ्या रीतीने हाताळला जात असे. बागलाण आणि कळवण भागांत मोसम, आरम, गिरणा या नद्यांवर, तसेच शेजारच्या धुळे जिल्ह्यात पांझरेवर, फड पद्धतीचे बंधारे काही शतकांपासून चालत आले आहेत. या पद्धतीत नदीपात्रात कमी उंचीचा दगडी बंधारा घालून पाणी पाटात वळवले जाते आणि लाभक्षेत्राचे मोठे तुकडे, म्हणजे फड, पाडून प्रत्येक फडात एकाच प्रकारचे पीक घेतले जाते. बंधारा ठेंगणा असल्याने पुराचे पाणी त्याच्यावरून वाहून जाई व आपल्याबरोबर बराचसा गाळही नेई, आणि पाटात जो साचे तो लाभधारक शेतकरी हंगामापूर्वी एकत्र येऊन काढत. तेथे गाळ मोजण्याची गरज नव्हती, कारण तो दरवर्षी डोळ्यांसमोर येत होता आणि दरवर्षी दूर होत होता. मोजण्याची गरज निर्माण झाली ती पाणी वर्षभर साठवण्याची कल्पना आल्यानंतर, जेव्हा साठा खोल झाला आणि तळ नजरेआड गेला.

ही कल्पना नाशिक जिल्ह्यात विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत मूर्त स्वरूपात आली. इगतपुरी तालुक्यात दारणा नदीवरचे धरण १९१६ साली पूर्ण झाले, त्याच्या जलाशयाला त्या काळी ‘लेक बील’ असे नाव देण्यात आले होते, आणि त्यातून नदीत सोडलेले पाणी निफाड तालुक्यात नांदूरमध्यमेश्वर येथे, गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ, अडवून कालव्यांद्वारे कोपरगाव-राहात्याच्या दुष्काळी पट्ट्याकडे नेण्याची व्यवस्था उभी राहिली. वरचे साठवण धरण आणि खालचा वळण बंधारा अशी ही जोडी होती. त्यांपैकी साठवण धरण दीर्घकाळ टिकले, आणि वळण बंधाऱ्याच्या मागे मात्र सपाट प्रदेशात पसरलेल्या उथळ पाण्यात गाळाचे थरावर थर चढत गेले. पात्रात बेटे निर्माण झाली, त्यांवर पाणवनस्पती वाढल्या, दलदलीचे तुकडे पडले आणि हिवाळ्यात परदेशांतून येणाऱ्या पाणपक्ष्यांना तेथे हक्काची जागा मिळाली. १९८६ साली या परिसराला अभयारण्याचा दर्जा मिळाला, आणि जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत २०२० साली समाविष्ट झालेले हे महाराष्ट्रातील पहिले ठिकाण ठरले. पाटबंधाऱ्याच्या हिशोबात जो तोटा होता तोच पक्ष्यांच्या दृष्टीने लाभ ठरला; या बंधाऱ्याची साठवण क्षमता आज केवळ २५७ दशलक्ष घनफूट इतकी धरली जाते. गाळाला निव्वळ शत्रू मानणाऱ्या अभ्यासकाने नांदूरमध्यमेश्वरचे उदाहरण नेहमी समोर ठेवावे, कारण तेथे गाळ काढावा की राखावा या प्रश्नाला आजही एकच उत्तर देता येत नाही.

स्वातंत्र्यानंतर गोदावरीच्या मुख्य प्रवाहावर, नाशिक शहराच्या वरच्या अंगाला, गंगापूर येथे मातीचे धरण उभे राहिले. १९५४ साली त्यात पाणी साठवले जाऊ लागले आणि पुढील दशकात काम पूर्ण झाले. देशातील मातीच्या मोठ्या धरणांच्या पहिल्या पिढीत त्याची गणना होते. धरणाची लांबी सुमारे ३.९ किलोमीटर असून पायापासूनची उंची ३६ मीटरांहून थोडी अधिक आहे. अशा धरणाचा आराखडा करताना त्या काळी गाळाचा विचार एका ठरावीक गृहीतकावर होत असे. जलाशयातील ज्या विमोचकातून पाणी बाहेर काढले जाते त्याच्या उंबरठ्याखालचा साठा कधीच वापरता येत नाही, म्हणून त्याला मृत साठा म्हणतात, तर त्याच्या वरचा तो उपयुक्त साठा. येणारा गाळ जड असल्याने सर्वांत खोल भागात, म्हणजे मृत साठ्यात, जाऊन बसेल, आणि धरणाच्या आयुष्यभराच्या गाळाला पुरेल एवढी जागा तेथे ठेवली की उपयुक्त साठ्याला धक्का लागणार नाही, अशी ही मांडणी होती.

येणाऱ्या गाळाचा अंदाज बांधण्यासाठी केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौवहन आयोगाचे पहिले अध्यक्ष अजुधियानाथ खोसला यांनी १९५३ साली उपलब्ध निरीक्षणांवरून एक दर मांडला. दर शंभर चौरस मैल पाणलोट क्षेत्रामागे वर्षाला ७५ एकर-फूट, म्हणजे दर शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे ३.५७ हेक्टर-मीटर, असा तो दर होता, आणि देशातील कित्येक धरणांच्या आराखड्यांना त्याने आधार दिला. सूत्रे तयार होती. ती खरी की खोटी हे पडताळण्यासाठी प्रत्यक्ष जलाशयात उतरणे आवश्यक होते. १९५८च्या सुमारास केंद्रीय पाटबंधारे व वीज मंडळाच्या पुढाकाराने देशभरातील निवडक जलाशयांची वेळोवेळी मोजणी करण्याची समन्वित योजना सुरू झाली, आणि १९५९ साली नाशिकला महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था स्थापन झाली. दिंडोरी रस्त्यावरील ही संस्था नाशिककरांना ‘मेरी’ याच नावाने परिचित आहे आणि तिच्या कामात जलाशयांतील गाळाच्या अभ्यासाला पुढे महत्त्वाचे स्थान मिळाले. खडकवासल्याची केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था, जिचा आरंभ १९१६ साली मुंबई इलाख्याच्या एका विशेष पाटबंधारे कक्षातून झाला, ती या क्षेत्रातील थोरली संस्था; पण धरणांच्या नित्य देखरेखीशी जोडलेले राज्याचे मोजणीकाम नाशिकमध्ये एकवटत गेले.

त्या काळची मोजणी कष्टाची होती. जलाशयाच्या दोन्ही काठांवर समोरासमोर पक्के खांब रोवून त्यांच्यामधली रेषा निश्चित केली जाई, तिला छेदरेषा म्हणावे, आणि त्या रेषेवरून नाव वल्हवत नेऊन ठरावीक अंतरावर पाण्याची खोली घेतली जाई. उथळ पाण्यात खुणा केलेला बांबू पुरे, खोल पाण्यात शिसाचे वजन बांधलेली दोरी सोडावी लागे. कोकण किनाऱ्यावरचे खलाशी दोरीने पाण्याचा ठाव घेऊन तो वावांत सांगत, तेच तंत्र येथे फुटांत व मीटरांत वापरले जात होते. नाव नेमकी कुठे आहे हे काठावर ठेवलेल्या दोन थिओडोलाइट यंत्रांनी कोन मोजून किंवा नावेतून सेक्स्टंट लावून ठरवले जाई. वारा सुटला की नाव रेषेवरून सरके, दोरी तिरपी होई आणि खोली खऱ्यापेक्षा अधिक दिसे. त्याहून मोठी अडचण तळाशी होती, कारण नव्याने बसलेला गाळ इतका मऊ असतो की शिसाचे वजन त्यात हातभर सहज रुतते, आणि ज्या गाळाची मोजणी करायची त्याचाच वरचा थर मोजणीतून निसटतो. छेदरेषांची संख्या मर्यादित असल्याने दोन रेषांमधला तळ कसा आहे हे अनुमानाने भरावे लागे. अशा मर्यादा असूनही देशभरच्या या मोजण्यांनी एक मूलभूत समजूत मोडीत काढली: गाळ सगळा मृत साठ्यात जात नाही. नदी जलाशयात शिरते तेथे तिचा वेग मंदावतो, भरड वाळू व रेव तेथेच टाकली जाते, आणि त्रिभुज प्रदेशासारखा एक उंचवटा वरच्या भागात, म्हणजे नेमका उपयुक्त साठ्यात, तयार होतो. केवळ अतिसूक्ष्म माती भिंतीपर्यंत पोहोचते. खोसलांचा दरही कित्येक ठिकाणी अपुरा ठरला, प्रत्यक्षातला गाळ त्याच्या काही पट निघाला. गोदावरीच्याच खोऱ्यात, मांजरेवरच्या निजामसागराची निम्म्याहून अधिक साठवण क्षमता गाळाने व्यापली, हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण होय.

या टप्प्यावर ध्वनीचे साधन हाती येणे किती निर्णायक होते हे समजण्यासाठी त्याच्या जन्मकथेकडे वळावे लागते, आणि ती कथा योगायोगाने गोड्या पाण्याच्या सरोवरातच सुरू होते. १८२६ साली जिनिव्हाच्या सरोवरात ज्याँ-दानिएल कोलादाँ आणि शार्ल स्तुर्म यांनी एका नावेतून पाण्याखाली सोडलेली घंटा वाजवली, त्याच क्षणी दारू पेटवून उजेड पाडला, आणि सुमारे साडेतेरा किलोमीटरवरच्या दुसऱ्या नावेत पाण्यात बुडवलेल्या कर्ण्याला कान लावून घंटेचा नाद पोहोचेपर्यंतचा वेळ मोजला. आठ अंश तापमानाच्या पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला १४३५ मीटर येतो असे त्यांनी काढले, आणि आजच्या मापाशी ताडून पाहता त्यांची चूक अवघी तीन-चार मीटरांची होती. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. पाण्यात तो चौपटीहून अधिक वेगाने, आणि फारसा क्षीण न होता, दूरवर जातो. प्रकाश मात्र गढूळ पाण्यात हातभर अंतरावर विरून जातो. पाण्याखालचे जग जाणण्यासाठी ध्वनीच का, याचे उत्तर या भेदात आहे.

वेग ठाऊक असला की प्रतिध्वनी येण्यास लागलेल्या वेळावरून अंतर काढता येते. टायटॅनिक बुडाल्यानंतर, हिमनगांचा सुगावा पाण्यातून लागावा म्हणून, या तत्त्वावर झपाट्याने काम झाले. जर्मनीत कील येथे अलेक्झांडर बेम यांनी १९१३ साली खोलीमापनाच्या ध्वनियंत्राचे पेटंट घेतले, १९१४ साली रेजिनाल्ड फेसेंडेन यांनी अटलांटिकमध्ये हिमनग व समुद्रतळ या दोहोंवरून आलेला प्रतिध्वनी टिपला, आणि पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये पॉल लाँजव्हॅँ यांनी क्वार्ट्झच्या स्फटिकाला विजेने कंपित करून माणसाच्या कानाला ऐकू न येणारा उच्च वारंवारतेचा ध्वनी पाण्यात सोडण्याची युक्ती सिद्ध केली. १९२५ ते १९२७ या काळात ‘मीटिओर’ या जर्मन जहाजाने दक्षिण अटलांटिकच्या तळाची साठ हजारांहून अधिक ध्वनिमापने घेतली. समुद्रासाठी घडलेले हे साधन आकाराने आटोपशीर होऊन जलाशयातल्या नावेवर येण्यास मात्र आणखी काही दशके जावी लागली.

या यंत्राला इको साउंडर म्हणतात. नावेच्या कडेला पाण्यात बुडवलेला एक स्पंदक ध्वनीचा आखूड ठोका खाली सोडतो, तळावरून परतलेला प्रतिध्वनी तोच स्पंदक टिपतो, आणि मधल्या वेळाचा निम्मा भाग वेगाने गुणून खोली मिळते. तीस मीटर खोल पाण्यात जाऊन-येऊन साठ मीटरांचा हा प्रवास सुमारे चाळीस सहस्रांश सेकंदात पुरा होतो, म्हणून सेकंदाला अनेक ठोके देता येतात आणि पूर्वी ज्या छेदरेषेवर पंचवीस-तीस ठिकाणी दोरी टाकली जाई तिच्यावर आता तळाची अखंड रेघ उमटते. राहिला प्रश्न नावेच्या स्थानाचा, आणि तो उपग्रहांनी सोडवला. १९९५ ते २००३ या काळात जागतिक बँकेच्या साहाय्याने द्वीपकल्पीय राज्यांत राबवलेल्या जलविज्ञान प्रकल्पात महाराष्ट्र सहभागी होता, आणि याच सुमारास इको साउंडर, उपग्रहाधारित स्थाननिश्चिती आणि संगणक यांची सांगड घालणारी मोजणीची एकात्मिक पद्धत भारतीय जलाशयांवर रूढ होऊ लागली. काठावरचे खांब व थिओडोलाइट मागे पडले आणि महिन्यांचे काम दिवसांवर आले.

तथापि जहाजांसाठी घडवलेले यंत्र नाशिकच्या पाण्यात जसेच्या तसे चालत नाही, आणि ध्वनिमापनाच्या येथील इतिहासातला सर्वांत विचारार्ह भाग हाच आहे. पहिली गोष्ट तापमानाची. गोड्या पाण्यात ध्वनीचा वेग २० अंशांना सेकंदाला १४८२ मीटर, २५ अंशांना १४९७ मीटर आणि ३० अंशांना १५०९ मीटर असतो, शिवाय उष्ण प्रदेशातील खोल जलाशयात वरचे पाणी तापलेले व तळचे थंड अशी विभागणी वर्षातला बराच काळ टिकून राहते. यंत्रात सेकंदाला १५०० मीटर हा ठोकळ वेग कायम ठेवून २० अंशांच्या पाण्यात मोजणी केली, तर तीस मीटर खोलीत छत्तीस सेंटिमीटरची चूक होते. ही चूक क्षुल्लक वाटू शकते. पण दहा चौरस किलोमीटर पसरलेल्या जलाशयात सर्वत्र दहाच सेंटिमीटरची चूक झाली, तरी साठवणीच्या हिशोबात दहा लक्ष घनमीटर, म्हणजे पस्तीस दशलक्ष घनफूट पाणी, कागदावर वाढते किंवा नाहीसे होते. म्हणून काळजीपूर्वक काम करणारे पथक मोजणीच्या आरंभी व अखेरीस खुणा केलेल्या तारेला धातूची पट्टी बांधून ती स्पंदकाखाली ठरावीक खोलीवर सोडते आणि यंत्र तीच खोली दाखवते का हे ताडून पाहते.

दुसरी आणि अधिक गुंतागुंतीची गोष्ट गाळाच्या स्वरूपाची. ध्वनी एका माध्यमातून दुसऱ्यात शिरताना त्याचा किती भाग परततो हे दोन्ही माध्यमांची घनता व त्यांतील ध्वनिवेग यांच्या गुणाकारावर ठरते. बेसाल्टच्या बाबतीत हा गुणाकार पाण्याच्या सुमारे दसपट असल्याने उघड्या कातळावरून ठसठशीत प्रतिध्वनी येतो. गाळाची गोष्ट निराळी. बेसाल्ट कुजून झालेल्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट या जातीची चिकणमाती भरपूर असते, तिचे कण दोन सहस्रांश मिलिमीटरपेक्षाही बारीक असतात, ते पाणी शोषून फुगतात, आणि जलाशयाच्या तळाशी बसल्यावरही कित्येक महिने घट्ट न होता दाट पातळसर चिखलाच्या रूपात राहतात. या चिखलाचा वरचा थर आणि पाणी यांत फरक इतका थोडा असतो की ध्वनीचा मोठा भाग त्यातून आरपार जातो. वारंवारता जितकी उच्च तितका ध्वनी चिखलाच्या पृष्ठभागावरूनच परततो, आणि जितकी कमी तितका तो आत शिरून खालच्या घट्ट थरापर्यंत पोहोचतो; म्हणून चांगल्या यंत्रात सुमारे २०० किलोहर्ट्झ आणि सुमारे ३० किलोहर्ट्झ अशा दोन वारंवारता एकाच वेळी वापरल्या जातात. त्यांनी दाखवलेल्या दोन खोलींमधील अंतर म्हणजे ताज्या मऊ गाळाची जाडी असे ढोबळमानाने समजावे. मग तळ कोणता मानायचा, वरचा की खालचा? पाणी ज्या जागेत मावत नाही ती जागा गेलेलीच आहे असे पाहिले तर वरचा. हा चिखल पुढे आपल्याच भाराने दबून आकसणार आहे असे पाहिले तर खालचा. या निवडीने गाळाचा आकडा बदलतो, आणि म्हणून कोणत्याही अहवालात वारंवारतेची नोंद असणे साठवणीच्या आकड्याइतकेच आवश्यक आहे. ही नोंद गाळली गेली की पुढच्या पिढीला दोन मोजण्यांची तुलना करता येत नाही.

तिसरी गोष्ट वायूची. पुराबरोबर पालापाचोळा, शेण, शेतातली खोडवी असे सेंद्रिय द्रव्य जलाशयात येते, ते गाळात गाडले जाते, आणि उष्ण कटिबंधातील उबदार तळाशी, जेथे प्राणवायू संपलेला असतो, ते कुजून मिथेन वायू तयार होतो. त्याचे बुडबुडे गाळात अडकून राहतात. बुडबुडा ध्वनीला कातळाहूनही अधिक समर्थपणे विखुरतो, कारण त्यातील वायू आणि सभोवतालचे पाणी यांत फरक प्रचंड असतो, आणि मग यंत्राच्या नोंदीत एका पातळीखाली सारे काही धूसर होऊन जाते. थंड प्रदेशातील सरोवरांत तुलनेने सुलभ असलेले गाळाच्या आतले निरीक्षण उष्ण प्रदेशात अवघड का होते, त्याचे हे एक मुख्य कारण आहे. जलपर्णीचे व तळातून उगवलेल्या वनस्पतींचे दाट जाळेही असेच फसवे असते. यंत्र वनस्पतींच्या शेंड्यांनाच तळ समजून बसते. नांदूरमध्यमेश्वरसारख्या अतिउथळ, वनस्पतींनी भरलेल्या पाण्यात तर ध्वनिमापन जवळजवळ निरुपयोगी ठरते, आणि ज्या ठिकाणी गाळाने सर्वांत ठळक रूप घेतले तेथेच काठी व पातळीयंत्र यांचा आधार आजही घ्यावा लागतो.

मोजणीचा हंगामही येथील ऋतुमानाने ठरतो. पावसाळा संपून जलाशय भरला आणि पाणी निवळले की नाव काठापर्यंत जाऊ शकते, म्हणून ध्वनिमापन त्या वेळी करणे सोयीचे. उन्हाळ्यात साठा उतरत गेला की तोच काठ उघडा पडतो आणि उपग्रहाच्या प्रतिमांचा उपयोग सुरू होतो. वेगवेगळ्या पातळ्यांना पाण्याचा पसारा किती होता हे प्रतिमांवरून मोजून, त्या त्या पातळीच्या मूळ पसाऱ्याशी तुलना केली, की मधल्या पट्ट्यातील साठवण किती घटली हे काढता येते. नाशिकच्या ‘मेरी’ने राज्यातील अनेक जलाशयांचा अशा दूरसंवेदन पद्धतीने अभ्यास केला आहे. ही पद्धत स्वस्त व वेगवान आहे, पण ती पाण्याचा पृष्ठभाग पाहते. ज्या पातळीखाली जलाशय कधीच उतरत नाही तेथील तळ तिला दिसत नाही. त्या भागाची माहिती देण्याचे सामर्थ्य केवळ ध्वनीत आहे. दोन्ही पद्धतींना परस्परांच्या प्रतिस्पर्धी समजण्याची जी रीत अधूनमधून दिसते ती म्हणूनच चुकीची म्हटली पाहिजे.

गंगापूरच्या बाबतीत या साऱ्याचा परिणाम नाशिककरांना परिचित असलेल्या दोन आकड्यांत सामावला आहे. धरणाचा मूळ उपयुक्त साठा ७,२०० दशलक्ष घनफूट होता. आज पूर्ण भरलेले गंगापूर म्हणजे ५,६३० दशलक्ष घनफूट असे धरले जाते. मधल्या १,५७० दशलक्ष घनफुटांची घट म्हणजे वरच्या अंगाला नंतर बांधलेल्या काश्यपी धरणाच्या १,८५२ दशलक्ष घनफूट साठ्याचा बहुतांश भाग होय. हा आकडा आता केवळ अभियंत्यांच्या कामाचा राहिलेला नाही. ऊर्ध्व गोदावरीतील नाशिक-नगरची धरणे आणि पैठणचा जायकवाडी प्रकल्प यांच्यातील पाणीवाटप, मेंढेगिरी अभ्यासगटाच्या २०१३ सालच्या अहवालानंतर आणि महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या सप्टेंबर २०१४च्या आदेशानंतर, धरणांतील साठ्याच्या टक्केवारीवर ठरू लागले. टक्केवारी काढताना जो साठा छेदस्थानी घालायचा तो मूळचा की गाळाने घटलेला, आणि घटलेला असल्यास कोणत्या वर्षीच्या मोजणीने, यावर शेतातले पाणी व पिण्याचे पाणी अवलंबून असते. वरच्या व खालच्या दोन्ही भागांतील लोकांना मान्य होईल असा आकडा हवा असेल, तर साऱ्या धरणांची मोजणी एकाच पद्धतीने, एकाच हंगामात आणि एकाच वारंवारतेच्या ध्वनीने होणे हा त्याचा पहिला आधार ठरेल.

घट काढताना वजाबाकी ज्यातून होते तो मूळ आकडाही तपासला पाहिजे. धरण बांधण्यापूर्वीचे खोऱ्याचे नकाशे समतल फळ्यावर कागद ताणून, दुर्बिणीने अंतरे घेऊन, काही फुटांच्या अंतराने समोच्च रेषा काढून तयार झालेले असत. झाडी, ओढे, नदीचे खोल डोह यांच्या बाबतीत त्यांत ढिलाई राहणे स्वाभाविक होते. म्हणून आज जी घट गाळाच्या खाती टाकली जाते तिच्यातील काही अंश मूळ नकाशातील चुकीचाही असू शकतो, आणि ती शंका फेडण्याचा मार्ग पुन्हा ध्वनीकडेच जातो. काही किलोहर्ट्झांच्या कमी वारंवारतेचा ध्वनी गाळाचा थर भेदून त्याखालच्या मूळ जमिनीवरून परततो; या तंत्राने तळाखालचे थर उलगडता येतात. आफ्रिकेतील व्हिक्टोरिया या उष्ण कटिबंधातील गोड्या पाण्याच्या विशाल सरोवराचा इतिहास अशाच ध्वनिछेदांनी व गाळाच्या नमुन्यांनी बदलला: थॉमस जॉन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून ते सरोवर हिमयुगाच्या अखेरीस पूर्णपणे कोरडे पडले होते असा निष्कर्ष निघाला. नाशिकच्या जलाशयांत याच तंत्राला धरणापूर्वीची शेतजमीन, नदीचे जुने पात्र आणि त्यावर बसलेला नवा गाळ अलग करून दाखवण्याचे काम देता येते.

ते काम सरळ नसेल, कारण गंगापूर परिसरातील जुनी भूमी सर्वत्र उघड्या कातळाची नव्हती. गोदावरीने तेथे फार पूर्वीच वाळू, गोटे आणि पिवळसर मातीचे जाड थर टाकलेले होते, त्याच थरांतून मिळालेल्या पाषाणयुगीन हत्यारांवर पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलिया यांनी १९५२ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला होता. म्हणजे नवा गाळ अनेक ठिकाणी जुन्या गाळावरच बसला आहे आणि दोघांतील ध्वनिभेद कातळाइतका तीव्र नाही. अशा ठिकाणी ध्वनिछेदाला नमुन्याची जोड द्यावी लागते: पोकळ नळी गाळात उभी घुसवून आतला थरांचा स्तंभ अभंग वर काढायचा, त्यातील कणांचा आकार व घनता पाहायची, आणि हवेतील अणुचाचण्यांमुळे १९६३च्या सुमारास जगभर सर्वाधिक प्रमाणात पडलेल्या सीझियम-१३७ या किरणोत्सारी द्रव्याचा थर त्यात कुठे सापडतो ते शोधायचे. तो थर सापडला की त्याच्या वरचा गाळ त्या वर्षानंतरचा व खालचा त्याआधीचा ठरतो, आणि १९५४ पासून भरू लागलेल्या गंगापुरात पहिल्या दशकातील गाळ व नंतरचा गाळ यांची वेगवेगळी गती मांडता येते. दारण्याच्या तळाशी तर त्या थराखाली जवळजवळ अर्ध्या शतकाचा गाळ असला पाहिजे.

गाळ काढण्याच्या कामाशीही या अभ्यासाचा थेट संबंध आहे. राज्याने २०१७ साली आणलेली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना मुख्यतः लहान तलावांसाठी आहे. तेथे उन्हाळ्यात तळ उघडा पडतो, शेतकरी सुपीक गाळ शेतात नेतात, आणि फड पद्धतीतील जुन्या सामूहिक कामाची परंपरा एका नव्या रूपात चालू राहते. मोठ्या जलाशयात यंत्रे केवळ उघड्या पडलेल्या काठापर्यंत पोहोचतात, आणि तेथे सापडणारा गाळ बहुधा भरड, रेताड असतो, तर शेताला हवी असलेली बारीक काळी माती भिंतीजवळच्या खोल पाण्याखाली असते. कोणत्या काठावर किती जाडीचा थर आहे, तो मुरमावर बसला आहे की जुन्या पोयट्यावर, आणि तो काढल्याने उपयुक्त साठ्यात कोणत्या पातळीला किती भर पडेल, हे भरलेल्या जलाशयात हिवाळ्यात घेतलेल्या ध्वनिछेदांवरून ठरवून घेतले, तर उन्हाळ्याच्या थोड्या आठवड्यांत खोदकाम कुठे लावायचे हे आधीच निश्चित करता येते.